आपल्या मातीची तजवीज

नांदेड-लातूरकडे कुणी वारलं की लोक ‘मातीला’ जातात. गावात हे काम आजही फारसं न बोलता होतं. कुणी दोन लांब बांबू आणतो, कुणी त्यावर आडव्या कामट्या सुतळीने आवळून कडबा अंथरतो, कुणी गाडग्यात विस्तव धरतो. तीनशे किलोंच्या वर लाकूड लागतं, ते तिरडी उचलण्याआधीच गाडीने पुढे गेलेलं असतं. त्या घडीला पैशाचं कुणी विचारत नाही. ज्याच्या खिशातून गेले, तो नंतर हिशोब करतो, कधी करतही नाही. पण हे सगळं चालतं ते माणसं हजर असतात म्हणून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली, तेव्हा पडक्या घरांचीच लाकडं काढून सामुदायिक चिता रचाव्या लागल्या. कोरोनाच्या काळात कित्येकांना घरच्यांचा खांदाही मिळाला नाही. ती संकटं होती, सरली. आता मात्र संकट नसतानाही माणसं कमी पडू लागली आहेत. ‘लातूर पॅटर्न’मधून शिकलेली मुलं पुण्या-बंगळुरात, काही परदेशात आहेत आणि इथल्या फ्लॅटमध्ये दोघंच म्हातारे उरले आहेत. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात दर शंभरात जवळपास दहा माणसं साठीच्या पुढची होती. म्हणून आपल्या मातीची तजवीज आपणच करून ठेवावी, हा विचार आता टाळता येण्याजोगा नाही.

बाजाराने ही गरज आधीच हेरली आहे. मुंबईच्या ‘सुखांत’ या संस्थेने २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या व्यापार मेळाव्यात अंत्यविधीचा स्टॉल मांडला. खांदेकऱ्यांपासून अस्थिविसर्जनापर्यंतची सेवा, खर्च साडेसदतीस हजारांच्या घरात, अशा बातम्या आल्या आणि समाजमाध्यमांवर त्याची खूप टर उडाली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्या घरी चार खांदे जमणार नाहीत, त्या घराला ही सेवा आधारच आहे. ऐनवेळी पैसे मोजून ती घेणं वेगळं आणि वीस वर्षं आधी भरून ठेवणं वेगळं. ब्रिटनमध्ये असे आगाऊ भरलेले अंत्यविधी सर्रास आहेत. तिथली ‘सेफ हँड्स’ ही कंपनी मार्च २०२२ मध्ये बुडाली आणि सुमारे ४६ हजार ग्राहक अडकले. त्याच वर्षी २९ जुलैपासून हा धंदा तिथल्या वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली आला. आपल्याकडे अशा करारांसाठी वेगळा नियामक नाही. शिवाय या सौद्यात ज्याने पैसे भरले, तो काम नीट झालं की नाही हे बघायला नसतो. पतसंस्थांच्या बंद दारापुढे ठेवीदारांच्या रांगा पाहिलेल्या मराठवाड्याला याहून जास्त सांगायला नको.

तेव्हा पैसा ठेवायचा तो आपल्याच नावावर. पण इथेही एक मेख आहे. माती त्याच दिवशी होते, वारसनोंद असलेली ठेव मात्र मृत्यूचा दाखला दिल्याशिवाय सुटत नाही. म्हणून थोडी रक्कम जवळ राहणाऱ्या मुलाबरोबर किंवा लेकीबरोबर ‘दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो’ अशा संयुक्त खात्यात असावी. विमाधारक कामगाराच्या अंत्यविधीसाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून १५ हजारांपर्यंत मिळतात, तेही मागाहून.

खरं तर लाकूड, कापड, गाडी यांचा खर्च कुणाला बुडवत नाही. बुडवते ती तेरवी. पाच-सातशे पानं, आचारी, मंडप, भावकीचे आहेर, आणि त्यासाठी सावकाराकडे किंवा कारखान्याच्या उसाच्या बिलावर काढलेली उचल. ‘बापाचं गोडजेवण केलं नाही’ हा ठपका मुलगा सहन करू शकत नाही, त्याला कितीही पटलेलं असलं तरी. त्याला सोडवू शकतो तो एकच माणूस, जाणारा. ‘त्यांनीच सांगून ठेवलं होतं’ या वाक्यापुढे भावकी गप्प बसते. आगाऊ द्यायची सर्वांत मोलाची गोष्ट पैसा नव्हे, शब्द आहे, असं मी म्हणतो ते यासाठी. ज्याच्याकडे बाजूला ठेवायला रुपयाही नाही, त्यालाही तो देता येतो.

जित्यापणी असं बोलणं अभद्र, असं म्हणणारे भेटतील. पण लिंगपुराणात जीवच्छ्राद्धाचा विधी आहे, संन्यास घेणारा आधी स्वतःचं श्राद्ध उरकतो, आणि ट्रंकेच्या तळाशी नवं लुगडं ठेवून ‘हे माझ्यासोबत’ म्हणणाऱ्या आज्या आपल्याच घरांत होत्या. मुलांचा हक्क हिरावला जातो, हाही आक्षेप टिकत नाही. खांदा आणि अग्नी त्यांचाच राहतो. उचल फेडण्याचं ओझं तेवढं जातं. परंपरेचं काय, असं विचाराल तर लिंगायतांत बसवून दफन करतात, मुस्लिमांत कफन-दफन, कुणाला दहन हवं. जे हवं ते लिहून ठेवण्याने परंपरा मोडत नाही.

देहदान करायचं असेल तर लिहिणं अधिकच गरजेचं. नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था, दोन्हीकडे शरीररचनाशास्त्र विभाग आहे. तिथे आधी चौकशी करून दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी अर्ज भरावा. शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्गजन्य आजार असलेला देह नाकारला जातो, म्हणून खाली दुसरी इच्छाही लिहावी. ऐनवेळी ‘नको’ म्हणणारे घरचेच असतात. त्यांना आधी समजावलं नसेल तर अर्जाचा उपयोग नाही. आणि हा कागद मृत्युपत्रात शिवू नये, कारण ते बहुधा तेरवीनंतरच उघडलं जातं. रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावा, आणि ती पिशवी कुठे आहे ते शेजारच्या घरालाही माहीत असावं.