गुण किती खरे?

12 नोव्हेंबर 2021 रोजी तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीसाठी राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झाले. रायगडसह सर्व जिल्ह्यांच्या सरासऱ्या चर्चेत आल्या; प्रश्नांचा कस मात्र क्वचितच कुणी पाहतो.

चार पर्यायांच्या 40 प्रश्नांत नुसत्या अंदाजाने खुणा केल्या तरी सरासरी 10 उत्तरे बरोबर येतात. कुणाची 7, कुणाची 13. नशिबाने पडणारा हा फरक म्हणजे मापनातली चूक; चांगले प्रश्न वाढवले की ती घटते. सदोष प्रश्नांनी नाही. भागाकारासाठी मेट्रोवरचा लांबलचक परिच्छेद दिला, तर मुरूडच्या कोळीवाड्यातल्या मुलीचे गणित नव्हे, वाचनच तपासले जाते. एरवी पुढे असणारी मुलेच जिथे चुकतात, तो प्रश्न आधी तपासावा.

असे सदोष प्रश्न दाखवून देण्याची सोयही आहे: शिष्यवृत्ती परीक्षेच्या अंतरिम उत्तरसूचीवर राज्य परीक्षा परिषद आक्षेप मागवते. पालक-शिक्षकांनी ते जरूर नोंदवावेत.