प्लास्टिकची चौकट अन् घरातला कापूस

सागवान परवडत नाही आणि साध्या लाकडाला वाळवी सोडत नाही. म्हणून घर बांधताना पांढऱ्या प्लास्टिकच्या खिडकीकडे मन जाते. घरच्या बाईला मात्र एकच शंका असते : चुलीच्या जाळाने ही पेटेल का?

हे प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, आपल्या पाण्याच्या पाइपाचे भावंड. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. त्यामुळे ते सहजी पेट घेत नाही आणि जाळ दूर केला की बहुधा आपणच विझते. लाकडाचे तसे नाही.

पण एवढ्यावर निर्धास्त राहू नये. साधारण ८० अंशाला, म्हणजे पाणी उकळण्याच्याही आधी, हे प्लास्टिक मऊ पडू लागते. चुलीला खेटून बसवलेली चौकट वाकडी होणारच. मोठ्या आगीत ती वाकली की काच निखळते, वारा आत घुसतो आणि आग भडकते. तेव्हा चौकटीच्या पोटात लोखंडी पट्टी आहे की नाही, हे दुकानदाराला आधी विचारावे.

खरी भीती धुराची. जळत्या पीव्हीसीतून आम्लाची वाफ निघते, ती डोळे आणि घसा जाळते. कार्बन मोनॉक्साइड तर कशाच्याही जळण्यातून निघतो. त्याला ना वास, ना रंग. धूर वर चढतो, म्हणून खाली वाकून, रांगत बाहेर पडावे.

मंगरूळपीरकडच्या कापूसवाल्या घरांनी तर जास्तच जपावे. भावाची वाट पाहत कापूस राहत्या खोलीत साठवायचा, आणि बाहेर त्याच खिडकीखाली पऱ्हाट्यांचा ढीग! एक विडीचे थोटूक पुरते. कापूस आतल्या आत धुमसतो, विझला असे वाटते आणि तासाभराने पुन्हा पेटतो. ढीग भिंतीपासून लांब हलवा. कापसाच्या खोलीत कोणी झोपू नये.

आता जाळीचे. चोराच्या भीतीने बसवलेली लोखंडी जाळी आगीत आपल्यालाच कोंडते, मग चौकट लाकडाची असो की प्लास्टिकची. निदान एका खिडकीची जाळी बिजागरीवर उघडणारी करून घ्या. किल्ली कपाटात नको. खिडकीजवळ, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्यावर, पोरांनाही ठाऊक असेल अशी टांगा.

आणि मिस्त्री मागे टाकून जातो ते चौकटीचे तुकडे चुलीत घालू नका, बाई. ते भंगारवाल्याला द्यावेत.