नळाचे दुष्फेन पाणी व गृहव्यवस्था

दख्खनच्या पठारावरील अनेक गावांत एकाच नळास वर्षाच्या निरनिराळ्या काळी निरनिराळ्या गुणाचे पाणी येते. धरणात साठविलेले पावसाचे पाणी बहुधा साबणास अनुकूल असते. परंतु उन्हाळ्यात जलाशय आटला आणि विहिरींचे अथवा कूपनलिकांचे पाणी त्यात मिसळू लागले, म्हणजे फेस येईनासा होतो, तुरीची डाळ शिजण्यास वेळ लागतो आणि बंबाच्या तळाशी पांढरे पूट धरते. अशा पाण्यास व्यवहारात ‘जड पाणी’ म्हणतात. रसायनशास्त्रात ‘जड पाणी’ ही संज्ञा ड्यूटेरियमयुक्त पाण्यास दिलेली असल्यामुळे येथे ‘दुष्फेन’ हीच संज्ञा योजणे इष्ट होय.

पाण्याचे दुष्फेनत्व मुख्यतः त्यात विरघळलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे येते. ज्या प्रदेशात चुनखडीचे डोंगर नाहीत तेथे हे क्षार कोठून येतात, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर बेसाल्ट खडकाच्या घटनेत आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या या खडकातील प्लेजिओक्लेज या खनिजात कॅल्शियम, तर पायरॉक्सिनात कॅल्शियम व मॅग्नेशियम ही दोन्ही असतात. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, किंचित आम्लधर्मी बनते आणि या खनिजांचे विघटन करून त्यांतील धातू बायकार्बोनेटांच्या रूपाने बरोबर नेते. पाणी जितका काळ खडकाच्या भेगांत राहील तितका हा संचय बहुधा वाढतो.

बायकार्बोनेटांमुळे आलेले दुष्फेनत्व अस्थायी होय, कारण पाणी उकळले असता कॅल्शियम कार्बोनेटाचा साका खाली बसतो. सल्फेटे व क्लोराइडे यांमुळे आलेले दुष्फेनत्व उकळून जात नाही. ते स्थायी होय. दोन्हींचे मापन कॅल्शियम कार्बोनेटाच्या सममूल्यात केले जाते. भारतीय मानक १०५००, २०१२ यात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे २०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा असून, अन्य स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली आहे.

या आकड्यांचा घरातील अर्थ साध्या गणिताने स्पष्ट होतो. साबण म्हणजे स्थूलमानाने सोडियम स्टिअरेट. कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन अविद्राव्य साका बनतो, आणि पाण्यातील सर्व कॅल्शियम असे बद्ध होईपर्यंत टिकाऊ फेस येत नाही. १ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटाशी सममूल्य असलेले दुष्फेनत्व सुमारे ६ ग्रॅम शुद्ध साबण निकामी करते. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम दुष्फेनत्वाच्या १०० लिटर पाण्यात, धुण्याचे कार्य सुरू होण्यापूर्वीच, १८० ग्रॅमांहून अधिक साबण खर्ची पडू शकेल. शिवाय तो साका कपड्यांच्या धाग्यांत अडकून पांढरे कापड करडे दिसू लागते, ते वेगळेच. शिकेकाई व रिठा यांतील सॅपोनिने अशा रीतीने साक्याच्या रूपाने वाया जात नाहीत. कृत्रिम अपमार्जकांच्या बाबतीतही हा दोष पुष्कळच कमी असतो.

इंधनाची हानी याहून कमी दृश्य असते. कॅल्शियम कार्बोनेटाची उष्णतावाहकता तांब्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असल्याने बंबात, विजेच्या तापकात किंवा सौरतापकाच्या नळ्यांत बसलेले पूट उष्णतेच्या मार्गात अडसर बनते. लिटरमागे २५० मिलिग्रॅम अस्थायी दुष्फेनत्वाचे २० लिटर पाणी रोज तापविले व सर्व साका आत राहिला असे मानल्यास वर्षाकाठी १ किलो ८०० ग्रॅम पूट साचेल. प्रत्यक्षात पाणी उकळीपर्यंत नेले जात नसल्यामुळे प्रमाण कमी असते, पण क्रिया थांबत नाही. डाळीच्या बाबतीत कॅल्शियम दाण्यातील पेक्टिनाशी जखडले जाऊन दाणा टणक ठेवते. त्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याचा उपाय गुणकारी असला तरी त्याने थायामिन या जीवनसत्त्वाचा नाश होतो. अस्थायी दुष्फेनत्व असेल तेथे पाणी आधी उकळून, निवळून घेणे श्रेयस्कर.

आरोग्याविषयी मात्र लोकसमजुतीस पुराव्याचा आधार दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दुष्फेनत्वासाठी आरोग्याधिष्ठित मर्यादा सुचविलेली नाही. उलट १९५७ साली जपानमध्ये कोबायाशी यांनी नद्यांच्या पाण्याची रासायनिक घटना व पक्षाघाताने होणारे मृत्यू यांत संबंध दाखविला, तेव्हापासून हे क्षार हितकारक असावेत काय याचा शोध सुरू झाला. तो वाद अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही.

निवारणाचे दोन मार्ग आहेत. ॲबर्डीन येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ साली एकस्व घेतलेल्या पद्धतीत पाण्यात मोजका चुना घालून अस्थायी दुष्फेनत्व काढले जाते. ती सार्वजनिक जलशुद्धीकरण केंद्रास योग्य आहे. दुसरी आयनविनिमयाची पद्धत प्रथम झिओलाइट वर्गातील द्रव्यांवर उभारली गेली. याच वर्गातील खनिजे दख्खनच्या बेसाल्टातील पोकळ्यांत विपुल आढळतात, हा योगायोग लक्षणीय आहे. या पद्धतीत कॅल्शियमच्या जागी सोडियम येते. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम दुष्फेनत्व काढल्यास सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात उतरते. म्हणून रक्तदाबाच्या रोग्यास असे पाणी पिण्यासाठी देताना विचार करावा लागतो.

संपूर्ण सुफेन पाणी निर्दोष असते असेही नाही. ग्लासगो शहरास १८५९ साली कॅट्रिन सरोवराचे अत्यंत सुफेन पाणी मिळू लागले व साबणाची मोठी बचत झाली. परंतु तेच पाणी घराघरांतील शिशाच्या नळांतून शिसे विरघळवीत होते. अखेर १९७८ पासून त्यात चुना मिसळून त्याची आम्लता कमी करावी लागली. दुष्फेन पाणी नळाच्या आत जे पातळ अस्तर धरते ते अशा ठिकाणी संरक्षक ठरते.

म्हणून सर्व पाणी सर्व कामांसाठी सारखेच सुफेन करण्याचा आग्रह शास्त्रसंमत नाही. पिण्यास मर्यादेतील दुष्फेन पाणी चालते. धुण्यास व तापविण्यास ते महाग पडते. ही महागाई नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. ती साबण, इंधन आणि बहुतांशी स्त्रियांचे श्रम या रूपांनी घराघरांत विखुरलेली असते. कोणत्याही गावाच्या पाणीयोजनेची तुलना करताना नव्या स्रोताचे दुष्फेनत्व ऋतुवार मोजून हा विखुरलेला खर्च हिशेबात धरला, तरच स्वस्त योजना खरोखर स्वस्त आहे किंवा नाही याचा निर्णय करता येईल.