वाचाघात आणि कवितेचे लाघव

मेंदूच्या इजेने कवीची वाणीच हिरावून घेतली, तर त्यानंतरची त्याची कविता कशी वाचावी, या प्रश्नाच्या दृष्टीने स्वीडिश कवी टॉमस ट्रान्सट्रोमर (१९३१–२०१५) यांचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. १९९० मध्ये त्यांना मस्तिष्काघात झाला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे जवळजवळ थांबले. बहुसंख्य माणसांत भाषाव्यवहाराची केंद्रे मेंदूच्या डाव्या गोलार्धात असतात व उजव्या अंगाचे चलनवलनही तोच गोलार्ध नियंत्रित करतो. म्हणून या दोन आपत्ती पुष्कळदा जोडीने येतात. वाचाघातात बुद्धी लोपते असे नव्हे. अर्थ मनात असतो, परंतु शब्द हाती लागत नाही. लागलाच, तर त्याला इतर शब्दांशी जोडणारे प्रत्यय व अव्यये निसटून जातात.

आघातानंतर २००४ मध्ये निघालेल्या ‘महान कोडे’ या त्यांच्या संग्रहात बहुतांश हायकूच आहेत. मराठी वाचकाला शिरीष पै यांच्यामुळे परिचित झालेल्या या रचनेत दोन प्रतिमा शेजारी ठेवल्या की पुष्कळदा काम भागते. जोडशब्दांचा भार तीत फारसा नसतो. तेव्हा हे लाघव व्याधीने लादले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा आहे. तरुण गुन्हेगारांच्या एका तुरुंगाविषयीचे त्यांचे नऊ हायकू १९५९ मधील आहेत. ते पुस्तकरूपाने मात्र २००१ मध्ये आले. व्याधीने अनेक वाटा बंद केल्या हे खरे. जी उरली, ती कवीने तीस वर्षांपूर्वीच चालून पाहिली होती.

याहून विलक्षण गोष्ट ‘बाल्टिक समुद्र’ (१९७४) या दीर्घकाव्यात आढळते. आघाताने वाचा गेलेला, तरीही संगीतरचना करीत राहिलेला एक संगीतकार तीत येतो. रशियन संगीतकार विस्सारिऑन शेबालिन यांच्या आयुष्याशी हे चित्र जुळते. वाचाघात झालेला असतानाही त्यांनी १९६२ मध्ये पाचवी सिंफनी रचली. लूरिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये त्यांच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. भाषा आणि संगीत यांची मेंदूतील व्यवस्था सर्वस्वी एक नाही, याचा तो महत्त्वाचा पुरावा मानला जातो. ट्रान्सट्रोमर यांच्या काव्यातील या प्रसंगाला भविष्यवाणी म्हणणे भाबडेपणाचे होईल. ते व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ होते. हा विषय त्यांना ठाऊक असणे स्वाभाविकच होते.

स्वतःवर तो प्रसंग आल्यावर ते केवळ डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना पियानोवर वाजवीत असत. २०११ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा प्रथेप्रमाणे व्हावयाच्या व्याख्यानाऐवजी त्यांच्या कवितांचे वाचन आणि संगीत यांचा कार्यक्रम झाला.