उघड्या तळहाताचा सराव

आपल्या मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी परगावी राहतात, रात्रीच्या बसने एकट्या प्रवास करतात. त्यांच्यासाठी स्वसंरक्षणाचे शिबिर भरवले की सभागृह भरते. दोन दिवसांत दहाबारा प्रहार दाखवले जातात, प्रमाणपत्रे वाटली जातात, छायाचित्र निघते आणि विषय तेथेच संपतो. प्रहार ही शरीराची सवय आहे. ती पाहून लागत नाही. मी ज्या बँकेत होतो तेथे रोखपालाच्या पायाशी धोक्याच्या घंटेचे बटन असे. ते कोठे आहे हे सर्वांना ठाऊक होते. घाबरलेल्या अवस्थेत पाय नेमका त्यावर पडावा, यासाठी मात्र तो पुन:पुन्हा तेथे न्यावा लागे. घरच्या सरावाचे कामही एवढेच आहे.

माझी नात गेले वर्षभर असा सराव करते आहे. तिच्यासमोर मिट्स धरून उभे राहण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

अहिंसेचे अणुव्रत पाळणाऱ्या घरात ठोशांचा सराव शोभतो का, असा प्रश्न आमच्याकडे आला आणि वाचकांच्याही मनात येईल. आपल्या परंपरेने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद केले आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा, म्हणजे ठरवून केलेल्या हिंसेचा त्याग करावयाचा असतो. स्वत:च्या किंवा आश्रिताच्या रक्षणासाठी करावा लागणारा प्रतिकार विरोधी हिंसेत मोडतो आणि गृहस्थाला तो सर्वस्वी निषिद्ध नाही. श्रवणबेळगोळ येथे दहाव्या शतकात गोमटेश्वराची मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता, हे येथे आठवावे. साहित्याच्या बाबतीत मात्र विवेक हवा. बॉक्सिंगचे ग्लोव्हज आणि बॅगा चामड्याच्याही मिळतात. कॅनव्हास किंवा रेक्झिनच्या घेतल्या तर सरावात काही उणे पडत नाही, आणि पैसेही वाचतात.

बॅग भरण्याकडे विशेष लक्ष द्यावे. नुसती वाळू भरली तर ती तळाशी बसते आणि खालचा भाग दगडासारखा होतो. जुन्या साड्या, चादरी, सुती कपडे बटणे व चेन काढून, पट्ट्या करून, थराथराने दाबून भरावेत. बॅगेचे वजन मारणाऱ्याच्या वजनाच्या साधारण निम्मे असावे, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे पन्नास किलोच्या मुलीला पंचवीस किलोची बॅग पुरे. हे वजन टांगून झोके खाऊ लागले की कडीवर येणारा ताण बराच वाढतो; म्हणून कडी जाणकाराकडून स्लॅबमध्येच बसवून घ्यावी. फॉल्स सीलिंगला किंवा दाराच्या चौकटीला बॅग कधीही टांगू नये. टांगण्याची सोयच नसेल तर जुनी गादी गुंडाळून खांबाला घट्ट बांधली तरी काम भागते. मल्लाने खांबालाच प्रतिस्पर्धी मानावे, ही कल्पना मल्लखांबामुळे आपल्याला नवी नाही. ओकिनावाच्या कराटेत भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळलेल्या खांबावर, म्हणजे माकिवारावर ठोसे मारतात. वाढत्या वयाच्या मुलांनी त्या वाटेला जाऊ नये. कोवळ्या हाडांना ते सोसत नाही.

आता प्रत्यक्ष प्रहार. चित्रपटांमुळे सर्वांना मूठच सुचते. समोरच्याचे कपाळ आणि जबडा ही कठीण हाडे आहेत, आपल्या बोटांची हाडे नाजूक. मूठ वेडीवाकडी बसली की करंगळीखालचे हाड मोडते. डॉक्टर त्याला बॉक्सरचे फ्रॅक्चर म्हणतात. म्हणून नवशिक्याने तळहाताचा मनगटालगतचा मांसल भाग वापरावा. बोटे किंचित मागे वळलेली, कोपर पूर्ण न ताणलेले, आणि जोर पायातून कमरेत व कमरेतून खांद्यात आलेला. मारताना श्वास सोडावा. हात गेला त्याच वेगाने चेहऱ्यापाशी परत यावा. माझ्या मते खरी परीक्षा या परतण्याची आहे आणि तिकडे कोणाचे लक्ष नसते. अगदी जवळच्या अंतरात कोपर आणि गुडघा उपयोगी पडतात. मुठीचा सराव करायचाच असेल तर हाताला साडेचार मीटरची पट्टी गुंडाळून वर ग्लोव्हज घालावेत, आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ ठेवावे. आरंभी एक मिनिट सराव, एक मिनिट विश्रांती, असे चारपाच वेळा. मनगट दुखू लागले की त्या दिवशी थांबावे.

मिट्स धरणाऱ्याने चष्मा काढून ठेवावा. मिट स्वत:च्या चेहऱ्यासमोर धरू नये, आणि प्रहार येताच तो किंचित पुढे दाबावा. ढिला ठेवला तर आपला खांदा मागे ओढला जातो. वयस्करांनी हे काम खुर्चीत बसून करू नये. मी उभाच राहतो, मागे भिंत असते.

बॅगेची मोठी उणीव ही की ती हात धरत नाही, ढकलत नाही, पाठलाग करत नाही. त्यामुळे तिच्यापुढे उभे राहून नुसते घाम गाळणे म्हणजे व्यायाम. चांगला, पण तेवढाच. आम्ही प्रत्येक फेरीचा शेवट ठरवून टाकला आहे: दोन किंवा तीन प्रहार, मोठ्याने ओरडणे आणि दाराकडे धावणे. चौथा प्रहार नाही. यामागे कायद्याचाही विचार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी संरक्षणाचा हक्क दिला आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करण्याची मुभा त्यात आहे, आणि शरीराला असलेल्या धोक्याची भीती सरली की तो हक्कही संपतो. पडलेल्या माणसाला पुन्हा मारणे हा बचाव राहत नाही.

प्रहारापेक्षा मुलींना ओरडणे अधिक अवघड जाते, असा माझा अनुभव आहे. हळू बोलण्याचे वळण आपणच लावलेले असते. नातीचा आवाज महिनाभर घशातच अडकत असे. ‘मागे हो’ हे दोनच शब्द, पोटातून, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून म्हणायचे. या सरावाची शेजाऱ्यांना मात्र आधी कल्पना द्यावी. आमच्या मजल्यावर तो रविवारी सकाळी अकरा वाजता होतो, आणि आता समोरच्या घरातील दोघी बहिणीही त्यात असतात.