पेट्रोल इंजिनाची वाढलेली निर्भार गती : कारणनिदान

मोटार उभी असून गिअर सुटलेला असताना इंजिन ज्या मंद गतीने फिरते, तिला निर्भार गती म्हणतात. गॅरेजच्या बोलीत हेच 'आयडलिंग'. चार सिलिंडरांच्या तापलेल्या इंजिनात ती सामान्यतः मिनिटास ७०० ते ९०० फेरे असते. इंजिन थंड असता ती अधिक राहते. तो दोष नव्हे. म्हणून परीक्षा इंजिन पूर्ण तापल्यावरच करावी.

पेट्रोल इंजिनाची गती हवेच्या पुरवठ्यावर अवलंबून असते. पाय काढल्यावरही गती चढलेली राहिली, तर जादा हवा आत येत आहे, हे निदानाचे मूळ सूत्र होय. तिचे मार्ग मुख्यतः तीन : तार अडकल्याने अर्धवट उघडी राहिलेली थ्रॉटलची झडप, काजळीने अडकलेली निर्भार-हवेची झडप, आणि निर्वात नळीतील चीर. हिंगोली, वसमत, कळमनुरी या भागांत उन्हाळी तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते. इंजिनाच्या उष्णतेत त्याची भर पडून रबरी नळ्या कडक होतात व तडकतात. संशयित नळी क्षणभर चिमटताच फेरे उतरून स्थिरावले, तर दोष त्याच मार्गात समजावा. मार्ग निर्दोष आढळल्यास तापमापक संवेदक तपासावा. तो इंजिन थंड असल्याची चुकीची सूचना देत असल्यास नियंत्रक स्वतःच गती वाढवितो.

प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्बोरेटरच्या मोटारींत स्क्रू फिरवून गती जुळविणे रास्त होते. इंधन-अंतःक्षेपणाच्या इंजिनात मात्र त्यामुळे लक्षण झाकले जाते. चीर तशीच राहते.