तराजू आणि तख्त

ट्युनीशिया देशांतील सीदी बूझीद हें आडवळणाचें गांव. ता. १७ डिसेंबर २०१० रोजीं तेथील महंमद बूअझीझी नामक सव्वीस वर्षांच्या फेरीवाल्याचा तराजू अधिकाऱ्यांनीं जप्त केला. तो दाद मागावयास सरकारी कचेरींत गेला. कोणी ऐकून घेतलें नाहीं. तेव्हां त्यानें कचेरीसमोरच स्वतःस पेटवून घेतलें. ४ जानेवारी २०११ रोजीं तो वारला, आणि दहाच दिवसांनीं, तेवीस वर्षें राज्य केलेले अध्यक्ष बेन अली सौदी अरेबियांत पळाले! फेब्रुवारींत ईजिप्तचे मुबारकही गेले.

आम्हांस नवल वाटलें तें निराळेंच. 'अश्शअब् युरीद् इस्कात् अन्निझाम्', म्हणजे 'जनतेस ही राजवट उलथावयाची आहे', ही जमावाची घोषणा घरगुती बोलींत नव्हे, तर शुद्ध ग्रांथिक अरबींत होती. म्हणूनच ती ट्युनीशियापासून येमेनपर्यंत सर्वांस सारखीच कळली. (आपल्या परिचयाचा 'निजाम' तो हाच शब्द.) व्याकरणास रुक्ष म्हणणाऱ्या मुलांस हें अवश्य सांगावें.

२०१४ सालीं ट्युनीशियांत नवी राज्यघटना झाली. परंतु पुढें लोकांनींच निवडून दिलेले अध्यक्ष कैस सईद, जे पूर्वी घटनाशास्त्राचे अध्यापक होते, त्यांनीं २०२१ सालीं पार्लमेंट तहकूब केलें व पुढल्याच वर्षीं ती घटनाही बदलली. आयुष्यभर जें शिकविलें तेंच मोडावयास एक अध्यापक निघावा, ह्याची आम्हां जुन्या मास्तरांस लाज वाटते.